अवघड हात

एका गावात बांगड्यांचं एक दुकान होतं. त्या दुकानात सगळ्यात जास्त साठा कशाचा होता म्हणाल, तर बांगड्यांचा नाही, उपदेशाचा.

दुकानाच्या मालकांना सगळे थोरले म्हणायचे. थोरले पांढऱ्या गादीवर लोडाला टेकून बसायचे आणि रोज सकाळी दुकान उघडण्याआधी चारही भरणाऱ्यांना समोर ओळीत उभं करून एकच गोष्ट सांगायचे. "चाळीस वर्षं बांगड्या भरल्या मी. माझ्या हातून एक बांगडी वाढली नाही. एक." मग ते एक बोट वर करायचे, आणि ते खाली येईपर्यंत चौघांनी उभं राहायचं. बोट लवकर खाली यायचं नाही.

वाढली म्हणजे फुटली. काचेच्या बांगडीला फुटली म्हणणं अशुभ, म्हणून वाढली म्हणायचं, ही सगळीकडची रीत. भरता भरता बांगडी वाढली तर ते नुकसान दुकानाचं, गिऱ्हाइकाचं नाही, हीसुद्धा रीत. थोरल्यांनी या रीतीला आपली एक शेपटी जोडली होती. गादीच्या वरच्या फळीवर त्यांनी काचेच्या चार बरण्या मांडल्या होत्या, प्रत्येक भरणाऱ्याच्या नावाची एक. ज्याच्या हातून बांगडी वाढेल त्यानं तिचे तुकडे आपल्या बरणीत टाकायचे. बरणीच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला. तुकडे दोऱ्याला लागले की त्या माणसानं दुकान सोडायचं.

गिऱ्हाईक आत आलं की आधी बरण्यांकडे बघायचं आणि मग कोणासमोर बसायचं ते ठरवायचं. थोरल्यांना ही आपली फार मोठी अक्कल वाटायची.

सगळ्यात रिकामी बरणी निवृत्तीकाकांची. बारा वर्षांत तिचा तळसुद्धा झाकला गेला नव्हता. थोरले ती बरणी बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना खाली काढून दाखवायचे. सगळ्यात भरलेली बरणी तानीची. ती दाखवायला खाली काढावी लागायची नाही, रस्त्यावरूनच दिसायची.

तानी वीस वर्षांची. शाळा मधेच सोडून कामाला लागलेली. ती का सोडली हे दुकानात कोणी कधी विचारलं नाही, पण सोडली हे तिला रोज कोणी ना कोणी ऐकवायचं. बरणीत तुकडे पडले की थोरले म्हणायचे, "शाळेत लक्ष नव्हतं, इथेही नाही." जणू शाळेत बांगड्या भरायला शिकवतात.

आता या दोन बरण्यांचं खरं कारण ऐका.

निवृत्तीकाकांच्या दोन युक्त्या होत्या. पहिली युक्ती, हाताला जे माप लागेल त्याच्यापेक्षा एक माप मोठी बांगडी घ्यायची. ती सरकन आत जाते, वाढायचा प्रश्नच नाही. दुसरी युक्ती, जो हात मोठ्या मापालाही दाद देणार नाही असं वाटेल, तो आपल्याकडे घ्यायचाच नाही. कोणाचे हात भांडी घासून सुजलेले, कोणाचे सांधे आखडलेले, कोणाचा अंगठा लहानपणी मोडून वाकडा बसलेला. अशी बाई समोर आली की काका गोड हसायचे आणि म्हणायचे, "ताई, तुम्ही तानीकडे बसा. पोरीचा हात फार हलका आहे." असं म्हणताना ते तानीचं कौतुक करतायत असंच वाटायचं.

असले सगळे हात तानीकडे. आणि तानी ते नीट भरायची, मापाला माप. ती आधी बांगड्यांकडे बघायचीच नाही. हात हातात घ्यायची, अंगठ्याच्या बुडाशी दाबून बघायची, साबणाचं पाणी लावायची आणि भलतंच काहीतरी विचारायची. म्हैस गाभण आहे का, नणंद परत गेली का, विहिरीचा रहाट दुरुस्त झाला का. बाई सांगायला लागली की हात सैल पडायचा, आणि तेवढ्यात बांगडी आत.

हे तिला थोरल्यांनी शिकवलं नव्हतं. काकूंनी सांगितलं होतं, थोरल्यांच्या बायकोनं. काकू पडद्यामागे बसून दिवसभर बांगड्या दोऱ्यात ओवून त्यांचे डझन बांधायच्या. त्यांचे दोन्ही अंगठे बाहेरच्या बाजूला वळलेले होते. थोरले म्हणायचे, वाताचं दुखणं आहे. तानी कामाला लागली त्या पहिल्या आठवड्यात पडद्यामागून हळूच आवाज आला होता, "बोलत राहा पोरी. बाईचं लक्ष हातावर असलं की हात दगड होतो." काकूंना हे कसं ठाऊक, असं तानीच्या मनात आलं होतं. मग गिऱ्हाईक आलं आणि विचारायचं राहून गेलं.

इतकं करूनही दहा हातांमागे एखादी बांगडी वाढायचीच. शेवटी काच आहे ती.

एकदा तिनं थोरल्यांना सांगून बघितलं. म्हणाली, मालक, सगळे अवघड हात माझ्याकडेच पाठवतात. थोरल्यांनी पान जुळवता जुळवता वरही न बघता उत्तर दिलं, "माझ्याकडेही यायचे. मी रडलो का?"

संध्याकाळी घरी तानीला भाकरीचा तुकडा मोडता यायचा नाही, अंगठे इतके ठणकायचे. आई मोडून द्यायची आणि मोडता मोडता सांगायची की थोरले देवमाणूस आहेत, जमवून घे, आम्ही नाही का सोसलं. भांडायलाही अंगात जोर लागतो, तानीचा तो दुकानातच संपलेला असायचा.

हळूहळू उरलेल्या दोघा भरणाऱ्यांनीही निवृत्तीकाकांच्या युक्त्या उचलल्या. त्यांच्या बरण्यांत नवे तुकडे पडेनात. थोरले खूश. सकाळी बोट वर करून सांगायला लागले, बघा, शिस्त लावली की माणूस सुधारतो.

पण गावात काय चाललं होतं? सैल बांगड्या घेऊन बायका घरी जायच्या. कोणाची पीठ मळताना परातीत निसटायची. कोणाची विहिरीवर पोहरा ओढताना पाण्यात जायची. सैल बांगड्या एकमेकींवर आपटून आठ दिवसांत निम्म्या वाढायच्या. दुकानात वाढत नव्हत्या, एवढंच. घरात वाढलेल्या बांगडीसाठी कोणी बरणी ठेवलेली नव्हती, म्हणून थोरल्यांच्या हिशेबी ती वाढलीच नव्हती.

गिऱ्हाईक कमी झालं. बायका तीन कोसांवरच्या बाजाराला जायला लागल्या. थोरल्यांनी दोन दिवस डोकं धरून विचार केला आणि कारण शोधून काढलं. भरणाऱ्यांचे चेहरे पडलेले असतात. दुसऱ्या दिवसापासून हुकूम सुटला की गिऱ्हाइकाशी हसून बोलायचं. तेव्हापासून चौघं हसून बोलू लागले. तानीचं हसू बघून एका बाईनं तिला विचारलं, दाढ दुखतेय का म्हणून.

असंच चाललं होतं. आणि एक दिवस तानीच्या बरणीतले तुकडे लाल दोऱ्याच्या इतके जवळ आले की मधे एका बांगडीपुरती जागा राहिली.

थोरल्यांनी ते सकाळीच सगळ्यांना दाखवलं. म्हणाले, "मी कोणाला काढत नाही. माणूस आपल्या हातानं जातो." मग बोट वर.

त्याच दिवशी दुपारी चुनाभट्टीवर काम करणारी एक बाई दुकानात आली. उन्हातून चालत आलेली, केसांवर अजून चुन्याची पांढरी पूड. तिच्या धाकट्या मुलीचं दोन दिवसांवर लग्न होतं, आणि नवरीच्या आईनं हिरवा चुडा भरायचा असतो. तिनं निवृत्तीकाकांपुढे हात धरला. काकांनी तो हात बघितला. चुन्यानं कातडी जाड झालेली, सांधे फुगलेले, तळवा फळीसारखा. काका गोड हसले. बाई त्यांचं वाक्य पुरं होण्याआधीच उठली आणि तानीसमोर येऊन बसली.

"मोठीच्या लग्नात हितूनच चुडा भरला होता," ती तानीला म्हणाली, पण आवाज सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा. "पंगतीत वरण वाढत होते. बांगडी निसटली ती थेट व्याह्याच्या ताटात. वर्ष झालं, पोरीला अजून त्यावरून बोलतात. आई अशी, मग लेक कशी असंल, म्हणतात."

तो चुडा भरला होता निवृत्तीकाकांनी, हात इतका बिघडला नव्हता तेव्हा. ते आता फडकं घेऊन पुसलेलीच फळी पुन्हा पुसत होते.

"या खेपेला हाताला बसंल अशीच भर," बाई म्हणाली. "फुटली तर फुटू दे."

फुटली हा शब्द दुकानात उघड कोणी उच्चारत नसे. थोरल्यांनी मान वर केली.

तानीनं फळीवरच्या आपल्या बरणीकडे बघितलं. घरी आई होती, आणि दोघींचं घर या दुकानावर चालायचं. तिनं हात पुढे केला आणि एक माप मोठी बांगडी उचलली. तिला लाज वाटली असं कोणी सांगेल, पण खरं सांगायचं तर तिला फक्त थकवा आला होता. सगळेच करतात. एक लग्न, एक चुडा, संपलं.

बांगडी सरकन आत गेली. छान दिसत होती. बाईनं सवयीनं हात खाली सोडला, तशी ती घरंगळत बोटांच्या मुळांपर्यंत आली. बाईनं फक्त मूठ मिटून घेतली, बांगडी पडू नये म्हणून. जणू लग्नाचे सगळे दिवस ती अशीच मूठ मिटून वावरणार होती.

तानीनं ती मिटलेली मूठ बघितली. मग हळूच उघडली, बांगडी काढली आणि बाजूला ठेवली. मापाच्या बांगड्या पुढे ओढल्या, साबणाचं पाणी लावलं.

"भट्टीला लाकूड कुठून आणता हो आता?" तिनं विचारलं.

बाई सांगायला लागली. लाकूड, गाडीवाला, त्याचा लंगडा बैल, मुकादमाची वहिनी, सगळं सांगितलं. एका हातात नऊ बांगड्या गेल्या. दुसऱ्या हातात आठ गेल्या. थोरले गादीवर पुढे सरकून बसले होते. दुकानातलं बाकीचं सगळं काम थांबलं होतं. नववी अंगठ्याच्या हाडावर आली, थोडी वळली आणि कट्‌ झालं.

तानीनं तुकडे उचलले. आधी बाईच्या हाताला लागलं नाही ना ते बघितलं, मग जाऊन ते बरणीत टाकले. ते लाल दोऱ्याला लागले. थोडे वरच गेले.

"ऊठ," थोरले म्हणाले.

"हात भरायचा राहिलाय, मालक."

"निवृत्ती भरेल."

निवृत्तीकाकांनी त्या हाताकडे बघितलं आणि पुन्हा फळीकडे वळले. तानी परत जागेवर बसली, दुसरी बांगडी घेतली आणि मुकादमाच्या वहिनीचं पुढे काय झालं ते विचारलं. या खेपेला ती आत गेली. हाताला अशी बसली की बाईनं हात झटकून बघितला, तरी जागची हलली नाही.

बांगड्या भरून झाल्या की बाई भरणाऱ्याला वाकून नमस्कार करते, अशी जुनी पद्धत आहे. या दुकानात मात्र नमस्कार गादीला करायचा, असं थोरल्यांनी लावून दिलं होतं. बाई उठली. थोरल्यांनी सवयीनं पाय जरा पुढे घेतले.

बाई तानीच्या पाया पडली. तानी चटकन मागे सरकली, वयानं मोठी बाई ती. मग बाई गादीजवळून पुढे गेली, थांबली नाही, आणि पडद्यापाशी जाऊन खाली वाकली.

"काकू, माझ्या लग्नाचा चुडा तुमीच भरला होता," ती म्हणाली. "हितं, पडद्यामागं. तवा तीन वाढल्या होत्या. तुमी म्हणाला होता, राहू दे, रडू नको, नवरीचा हात आहे."

दुकानात आणखी दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्या जमिनीकडे बघू लागल्या. कारण त्यांनाही ठाऊक होतं. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. अवघड हात आला की थोरले आत हाक मारायचे, आणि तो हात पडद्यामागे जायचा. चाळीस वर्षं थोरल्यांनी नरम हात भरले आणि काकूंनी बाकीचे. म्हाताऱ्या ते बोट वर झालेलं बघत आल्या आणि गप्प बसल्या. मोठ्या माणसाचा मान म्हणून. त्या मानाची किंमत रोज कोण भरतंय, ते त्या बरणीत त्यांना समोर दिसत होतं.

तानीनं विचारलं, "मालक, तुमच्याकडे अवघड हात यायचे, ते तुम्ही कुणाकडे पाठवत होता?"

थोरले म्हणाले, "तो काळ वेगळा होता."

काकू पडदा सारून बाहेर आल्या. फळीकडे बघून एवढंच म्हणाल्या, "माझी बरणी कुठाय?"

"तुझी कसली बरणी?"

"हो ना," काकू म्हणाल्या. "माझे तुकडे मीच उकिरड्यावर नेऊन टाकायची. कोणाला दिसू नयेत म्हणून."

थोरल्यांचा चेहरा उतरला असेल, त्यांनी चूक कबूल केली असेल, असं तुम्हाला वाटेल. तसं काही झालं नाही. ते म्हणाले, नियम म्हणजे नियम, तुकडे दोऱ्याला लागलेत. तानीनं आपली बरणी मागितली, तर ती दुकानाची आहे म्हणाले. मग तिनं कोपऱ्यातलं एक जुनं पोतं पसरलं, बरणी त्यावर उपडी केली आणि आपले तुकडे तेवढे घेऊन निघाली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती धान्याच्या वखारीच्या भिंतीला टेकून बसली. उधारीवर आणलेल्या थोड्या बांगड्या, साबणाच्या पाण्याची वाटी, आणि समोर फडक्यावर ते सगळे तुकडे पसरलेले, आल्यागेल्याला दिसतील असे. कोणी विचारलं तर सांगायची, "एवढ्या माझ्या हातून फुटल्या. बसायचं तर बसा." पहिल्या बाजारी दोघीच बसल्या. दुसऱ्या बाजारी चुनाभट्टीवरच्या सात बायका आल्या. धाकटीच्या लग्नात कोणाच्या ताटात काही पडलं नव्हतं.

काकूही येऊन बसायला लागल्या. त्यांना आता भरता यायचं नाही, पण नुसता हात बघून त्या सांगायच्या, हिचा डावा अंगठा आधी चोळ. संध्याकाळी घरी जाऊन त्याच थोरल्यांना भाकरी करून वाढायच्या. म्हातारी माणसं बदलली तरी इतकीच बदलतात.

तानी श्रीमंत झाली नाही. अंगठे अजून ठणकायचे. भाकरी अजून आईच मोडून द्यायची, फक्त आता मोडताना काही सांगायची नाही.

इकडे दुकानात अवघड हात पाठवायला कोणी उरलं नव्हतं. ते निवृत्तीकाकांपुढेच बसायला लागले, आणि सैल बांगड्यांचं प्रकरण आता गावभर झालेलं, त्यामुळे बायका मापाचीच मागायच्या. बारा वर्षं रिकामी राहिलेली बरणी दोन महिन्यांत दोऱ्यापर्यंत आली. त्या रात्रीतून चारही बरण्या फळीवरून गेल्या. सकाळी थोरल्यांनी सगळ्यांना ओळीत उभं करून सांगितलं की बरण्यांच्या मी पहिल्यापासून विरोधात होतो.

मग निवृत्तीकाका वखारीपाशी आले. अंगठ्याला चिंधी बांधलेली. तानीच्या हातात एका बाईचा हात होता, म्हणून ते उन्हात उभे राहिले. हात भरून झाल्यावर म्हणाले, "थोरल्यांनी बोलावलंय. झालं गेलं विसर म्हणतायत."

तानीनं त्यांच्या चिंधीकडे बघितलं. "कधीपासून?"

"महिना झाला," काका म्हणाले. मग जरा थांबून, "तू कसं करत होतीस गं?"

तिनं ते सांगितलं. म्हैस, नणंद, विहिरीचा रहाट. आणि थोरल्यांना निरोप दिला की येते, पण एका अटीवर. गादीवर बसून, पडदा उघडा ठेवून, सगळ्यांसमोर एक अवघड हात त्यांनी स्वतः भरावा. एकच.

हे सांगताना तिनं एक बोट वर केलं होतं. काकूंना हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. थोरले म्हणतात, माझं आता वय झालं.

तानी वखारीपाशीच राहिली.

तात्पर्य: माझ्या हातून कधी काही फुटलं नाही, असं जो थोर माणूस रोज सांगतो, त्याला नमस्कार करण्याआधी एवढंच विचारावं, की अवघड हात तुम्ही कोणाकडे पाठवले होते.